माळेगावच्या बाजारातला ‘पेंट’ घोडा : मागची गोष्ट

माळेगावच्या यात्रेत घोडेबाजार कुठं भरतो, रुमालाखाली बोटं दाबून भाव कसा ठरतो हे नांदेड-लातूरकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. पण आता व्यापारी अबलख (अंगावर पांढरे पट्टे-डाग असलेल्या) घोड्याला सर्रास ‘पेंट’, म्हणजे अमेरिकेतल्या डागाच्या घोड्याची जात, म्हणून पुढं करतात आणि त्या एका शब्दावर भाव चढवतात, म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडं ठिपक्या-पट्ट्याचा घोडा नवीन नाही. भीमथडी, गंगथडीच्या बुटक्या काटक घोड्यांवर मराठ्यांची फौज फिरली, पुढं निजामाच्या काळात औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद (आताचं अंबाजोगाई) इथं काँटिंजंटच्या (इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामाच्या फौजेच्या) छावण्या होत्या आणि शिलेदारी पद्धतीत स्वाराला घोडा स्वतःचा लागायचा. खिशातले पैसे घालून घोडा घेणारा माणूस आधी पाय, छाती आणि दम बघणार, रंग नंतर. 1903 ला ही फौज भारतीय सैन्यात मिसळली, 1948 नंतर संस्थान आणि मग जहागिऱ्या गेल्या, आणि घोडा उरला टांग्याला, धनगराच्या बिऱ्हाडाला आणि लग्नाच्या वरातीला. वरातीतल्या घोड्याला दम नाही लागत, दिसणं लागतं. भावाची उलटापालट तिथूनच झाली असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पेंटचं बघा. अमेरिकेत 1940 ला क्वार्टर या जातीच्या घोड्यांची नोंदवही सुरू झाली आणि जास्त पांढरं असलेला घोडा तिच्यात घ्यायचा नाही असं ठरलं. आईबाप दोन्ही नोंदलेले, पळायला एक नंबर, पण पोटावर पांढरा डाग मोठा आला की शिंगरू बाहेर. ज्यांची जनावरं अशी नाकारली गेली त्यांनी साठच्या दशकात स्वतःच्या वेगळ्या संस्था काढल्या, त्या 1965 ला एकत्र आल्या आणि पेंट ही जात उभी राहिली. पांढऱ्याचा तो जुना नियम क्वार्टरवाल्यांनी 2004 मध्ये काढला, म्हणजे साठेक वर्षं चांगल्या रक्ताचा घोडा निव्वळ कातडीपायी अडवला. मला तरी हा निर्णय चुकीचाच वाटतो. पण आपल्यासाठी महत्त्वाचं हे की पेंटची नोंद रक्तावर होते, आईबाप पेंट, क्वार्टर किंवा थरोब्रेडच (शर्यतीच्या घोड्याची जात) लागतात, वर ठरलेल्या जागी किमान 2 इंच पांढरे केस आणि खाली गुलाबी कातडी. डाग नसलेलं शिंगरूसुद्धा आईबापामुळं वेगळ्या वर्गात नोंदतात. उलट मारवाडी किंवा काठेवाडी रक्ताचा अबलख कितीही देखणा असला तरी तो पेंट होत नाही, आणि व्हायची गरजही नाही, मारवाडीत अबलखाला आधीपासून मान आहे. मग कागद नसताना पेंट म्हणून जादा पैसे कशाचे मागता?

घेणाऱ्यानं एक करावं, पांढऱ्या पट्ट्यावर पाणी मारून केस उलटे करून बघावेत. खरा पट्टा असेल तर मधली कातडी गुलाबी दिसते (कडेला थोडी काळी असू शकते), सगळीच काळी दिसली तर रंगाची भानगड आहे नाहीतर घोडा पुढं पांढरा पडत जाणारा आहे आणि चार-सहा वर्षांत डागच दिसणार नाहीत. अबलख घोडी घेतली की शिंगरू अबलखच होणार हेही खरं नाही. रंगाचा गुण घोडीत एकेरी (आईबापापैकी एकाकडूनच आलेला) असेल आणि घोडा एकरंगी लावला तर निम्मी शक्यता, बस. अमेरिकी पेंटमधल्या फ्रेम नावाच्या पट्ट्यात तर घोडा आणि घोडी दोघांतही तो गुण असला की सरासरी चारातलं एक शिंगरू पूर्ण पांढरं जन्मून आतड्याच्या दोषानं दोन-तीन दिवसांत मरतं, 1998 ला त्याचं जनुक सापडलं, तेव्हापासून तपासणी करून जोडी लावता येते.

मधे कोरोनात यात्राच भरली नाही आणि व्यवहार मोबाईलवर गेला. फोटोत डाग दिसतात, चाल दिसत नाही, खूर तर अजिबात नाही. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची भीती वेगळीच, रक्त तपासणीत घोडा बाधित निघाला की त्याला मारावंच लागतं, मग तो अबलख असो की नुकरा (पांढरा). दरम्यान भीमथडीला 2023 मध्ये वेगळी जात म्हणून नोंद मिळाली, पण बाजारात तिच्या नावानं भाव विचारणारा गिऱ्हाईक अजून क्वचितच भेटतो. म्हणून इसार द्यायच्या आधी घोडा उन्हात उभा करून चालवून बघा, दात बघा, तपासणीचा कागद मागा आणि पावतीवर रंगासोबत जातही लिहून घ्या.