कपाट आवरायचंय? आधी आहेराच्या साड्या बाहेर काढा

आमच्याकडे फॉल-पिको, अल्टर आणि जुन्या साड्यांच्या वाकळी, म्हणजे गोधड्या, शिवून देणं अशी तीन कामं चालतात. सांगलीत इतकी वर्षं हे करताना एक कळलंय, कपाट उघडलं की कपडे अंगावर पडतात म्हणत ज्या येतात त्यातल्या बऱ्याच जणींनी ते कपडे विकत घेतलेलेच नसतात, आहेरात आलेले असतात. म्हणून हा कागद छापलाय, वाचा आणि मगच पिशवी भरा.

हल्ली मोबाईल उघडावा तर मिनिमलिझम. पांढऱ्या भिंती आणि कपाटात दहा शर्ट, तेही राखाडी. आपल्याकडे एका लग्नसराईत चार साड्या, सात-आठ ब्लाऊजपीस, ह्यांना शर्टपीस आणि वर टॉवेल-टोपी येते, नको म्हणायची सोय नाही. पण आलेलं सगळं कपाटातच मुक्कामाला पाहिजे असं कुठं लिहिलंय? कमी सामानात राहायचं मनात असेल तर सुरुवात कपड्यांपासून करा, कारण भांडी नाहीतर दिवाण काढायचा म्हटलं तर घरात चार जणांना विचारावं लागतं, स्वतःच्या कपाटाला कुणाला विचारायचं नसतं.

एक रविवार धरा आणि सगळं पलंगावर ओता. एकेक कप्पा आवरत बसलात की वरचं खाली जातं, खालचं वर येतं आणि संध्याकाळी कपाट तेवढंच भरलेलं.

आता आहेर वेगळा काढा. जी साडी येऊन दोन वर्षं झाली आणि अजून फॉलसुद्धा लावला नाही ती तुम्ही नेसणार नाही, आमचंच गिऱ्हाईक घालवून सांगतोय. पुढं आहेरात द्या, त्यात लाज कसली, फक्त देईपर्यंत कुणाकडून आली ती चिठ्ठी आत ठेवा. आमच्या घरात झालंय हे, सासूबाईंनी आत्याबाईंना त्यांचीच मोरपंखी साडी दिली, आत्याबाई पदर उलटून बघत म्हणाल्या, बरी जपून ठेवलीस गं.

"बारीक झाले की घालीन" हा दुसरा ढीग. ब्लाऊज उलटा करा आणि शिवणीच्या आत माया, म्हणजे दुमडून सोडलेलं जादा कापड, किती ते बघा, इंचभर असेल तर उसवून सैल होतो, घेऊन या. माया नसेल तर आमच्याकडून काही होणार नाही.

जपून ठेवायच्या साड्यांबद्दल मात्र जरा सविस्तर. मागच्या उन्हाळ्यात विश्रामबागच्या एक काकू त्यांच्या सासूबाईंची ट्रंक रिक्षात घालून घेऊन आल्या. वरच जांभळी इरकल, तांबडा पदर, लांबून बघितली तर नवीकोरी. उलगडायला गेलो आणि घडीच्या रेघेवर कापड पापडासारखं तुटत गेलं, वीसेक वर्षं ती एकाच घडीत पडून होती. दुसऱ्या साडीची जर जिथं डांबरगोळी टेकलेली तिथंच काळी पडलेली. आणि तिसरीच्या घडीत जुन्या पाचशेच्या चार नोटा, 2016 च्या नोव्हेंबरात बंद झालेल्या. काकू आधी हसल्या, मग बराच वेळ गप्पच. तर रेशमी आणि जरीच्या साड्यांची घडी तीन-चार महिन्यांनी बदला, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आत दमट राहतं, त्यापेक्षा जुन्या सुती पंच्यात गुंडाळा, आणि डांबरगोळ्या ठेवायच्याच तर कापडाच्या पुरचुंडीत, साडीला न टेकता. नेसलेली साडी घामाची तशीच कपाटात टाकू नका, आधी सावलीत वाऱ्यावर टाका, नाहीतर कसर लागलीच समजा.

उरलेलं कुठं द्यायचं? 2019 च्या पुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी तिथं 45 ची. तेव्हा आमच्या गल्लीत मदतीच्या कपड्यांची पोती आली, त्यात बटणं तुटलेले शर्ट आणि एकेकटे मोजे, ते निवडायलाच पोरांचे दोन दिवस गेले. म्हणून जे तुम्ही पाहुण्यासमोर घालाल तेच दुसऱ्याला द्या, धुऊन, घडी घालून. बोहारणीला दिलंत तर कपडे जातात आणि स्टीलचा डबा येतो, मग तो कुठं ठेवायचा ते तुमचं तुम्ही बघा.

फाटक्या पण सुती साड्या आमच्याकडे आणा. मोठ्या वाकळीला आम्हाला चार-पाच लागतात, मऊ झालेल्या असल्या तर फार छान, वरून हातानं धावदोरा घालतो. जॉर्जेट, नायलॉन चालत नाही, आत सरकतं आणि गोळा होतं. आईची साडी वरच्या बाजूला दिसायला पाहिजे असेल तर आधीच सांगा, एकदा आत गेली की उसवावी लागते.

साड्या धुऊन आणा आणि प्रत्येक घडी उलगडून बघा. वाकळीची कामं दिवाळीनंतर ते मे अखेरपर्यंतच घेतो, पावसाळ्यात वाळत नाहीत आणि दुकानात अंथरायला जागा पण एकच आहे.