हिस्टामीन व प्रतिहिस्टामीन औषधे

हिस्टिडीन या ॲमिनो अम्लापासून शरीरात तयार होणारे आणि मुख्यतः मास्ट पेशी (त्वचा व श्लेष्मल ऊतकांतील संरक्षक पेशी) व रक्तातील बेसोफिल या पांढऱ्या पेशींच्या कणिकांत साठून राहणारे संयुग म्हणजे हिस्टामीन. वावड्याच्या (ॲलर्जीच्या) विकारांत पित्ताच्या गांधी, खाज, शिंका व नाकाडोळ्यांतून वाहणारे पाणी यांस ते बऱ्याच अंशी कारणीभूत असते.

विंडाउस व फोग्ट यांनी ते १९०७ मध्ये प्रयोगशाळेत बनवले. १९१० च्या सुमारास हेन्री डेल व पॅट्रिक लेडलॉ यांना त्याचे परिणाम ॲनॅफिलॅक्सिसशी (वावड्याच्या तीव्र, जीवघेण्या प्रतिक्रियेशी) मिळतेजुळते आढळले. तथापि हिस्टिडिनापासून जीवाणूही हिस्टामीन बनवतात. त्यामुळे ऊतकांच्या अर्कात सापडणारे हिस्टामीन मुळातले की कुजण्यातून आलेले, हा वाद बरीच वर्षे चालला. १९२७ मध्ये ताज्या यकृतातून व फुप्फुसातून ते वेगळे केले गेल्यावर पहिला पक्ष ग्राह्य ठरला. त्याच सुमारास टॉमस लुइस यांनी त्वचेवर ओरखडा काढला असता लाल रेघ, भोवतीची लाली व फुगवटी असा क्रम नोंदवला. मात्र त्यामागील द्रव्याला थेट हिस्टामीन न म्हणता त्यांनी ‘एच-द्रव्य’ म्हटले, आणि त्या काळच्या पुराव्याकडे पाहता ही सावधगिरी रास्त वाटते.

मास्ट पेशींवरील आयजीई या वावड्याशी निगडित प्रतिपिंडांना परागकणांसारखा प्रतिजन (वावडे उद्भवणारा पदार्थ) चिकटला की कणिका फुटतात. बाहेर पडलेले हिस्टामीन एच-१ ग्राहींना (पेशींवरील हिस्टामीन ज्यांना चिकटते त्या रेणूंना) उद्दीपित करते. केशवाहिन्या रुंदावून त्यांतून द्रव पाझरतो व चेतातंतू चाळवल्याने खाज सुटते.

डॅन्येल बोव्हे व आन-मारी स्टाउब यांनी १९३७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पहिले प्रतिहिस्टामीन (हिस्टामीनचा परिणाम रोखणारे) द्रव्य शोधले. ते विषारी असल्याने वापरात आले नाही. ही द्रव्ये हिस्टामीनची जागा केवळ अडवतात, असा पूर्वीचा समज होता. ती ग्राहीला निष्क्रिय अवस्थेत स्थिर करतात, हे मत आता अधिक मान्य आहे. कोणत्याही मताने पाहिले तरी बाहेर पडलेले हिस्टामीन त्यांनी नष्ट होत नाही. क्लोरफेनिरामीनसारखी जुनी औषधे मेंदूत शिरून गुंगी आणतात. फेक्सोफेनाडीनसारखी नवी फारशी शिरत नाहीत. दम्यात ल्युकोट्राइन या श्वासनलिका आकुंचित करणाऱ्या द्रव्यांचा वाटा मोठा असल्याने प्रतिहिस्टामीन औषधांचा उपयोग बेताचाच, तर ॲनॅफिलॅक्सिसमध्ये ॲड्रेनॅलीन हेच पहिले औषध होय.

बांगड्यासारखी मासळी बर्फाविना राहिल्यास तिच्यात जीवाणूंमुळे हिस्टामीन साठते व ते शिजवूनही जात नाही. अशी मासळी खाल्ल्याने तोंड लाल होऊन अंगावर पित्त उठले, तरी एवढ्यावरून मासळीचे वावडे ठरवता येत नाही.