मेथॉडिस्ट मंडळीजीवन : कोल्हापूरच्या संदर्भात

अठराव्या शतकात जॉन वेस्ली (१७०३–१७९१) आणि त्यांचे धाकटे बंधू चार्ल्स वेस्ली (१७०७–१७८८) यांनी इंग्लंडमध्ये उज्जीवनाची, म्हणजे थंडावलेली श्रद्धा पुन्हा जागवण्याची चळवळ उभारली. तिच्यातून मेथॉडिस्ट हा प्रॉटेस्टंट पंथ निघाला. मंडळी म्हणजे एका चर्चचा भाविकसमुदाय आणि पाळक म्हणजे तिचा धर्मोपदेशक. या पंथाची उपासना, आपसांतली देखभाल, पाळकीय व्यवस्था आणि समाजसेवा यांना मिळून मेथॉडिस्ट मंडळीजीवन म्हणतात. या पंथाची सर्वांत मोठी देणगी म्हणजे आठवड्याला एकदा एकत्र येणारा लहानसा गट आणि त्या गटात प्रत्येकाची नाव घेऊन होणारी विचारपूस. कोल्हापूर हे मेथॉडिस्ट मिशनचे क्षेत्र कधीच नव्हते. तरीही इथल्या ख्रिस्ती समाजाची पंथाशी ओळख जुनी आणि जवळची आहे.

कोल्हापुरात प्रॉटेस्टंट काम रॉयल गूल्ड वायल्डर यांनी १८५२ मध्ये सुरू केले. अमेरिकन बोर्ड या अमेरिकेतल्या मिशनरी संस्थेने त्यांना आधी अहमदनगरला पाठवले होते. पुढे बोर्डाशी त्यांचे पटले नाही आणि काही वर्षे त्यांनी स्वतंत्रपणे काम केले. १८७० मध्ये ते काम अमेरिकेच्या प्रेसबिटेरियन मिशनने आपल्याकडे घेतले. वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्या नावाने उभे आहे. मिरजेचे वॉन्लेस हॉस्पिटल आणि कोल्हापूरचे मेरी वॉन्लेस हॉस्पिटल ही याच मिशनची पुढची फळे. कोल्हापूरच्याच ऑल सेंट्स चर्चची परंपरा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची. त्या काळी एका मिशनच्या मुलखात दुसऱ्याने शक्यतो काम काढू नये असा समजुतीचा रिवाज होता. त्यामुळे कोल्हापूर, सांगली, मिरज हा पट्टा प्रेसबिटेरियनांकडे राहिला आणि मेथॉडिस्ट त्याच्या भोवतालच्या शहरांत वाढले.

मुंबईत मेथॉडिस्टांचे काम विल्यम टेलर या अमेरिकन मेथॉडिस्ट प्रचारकाच्या १८७१ च्या सभांतून उभे राहिले. जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले. बोवेन हे मुंबईत अत्यंत साधेपणाने राहणारे, पगार नाकारणारे मिशनरी. वायल्डरांप्रमाणे तेही अमेरिकन बोर्डाने पाठवलेले आणि पुढे बोर्डापासून वेगळे झालेले. पश्चिम भारताच्या ख्रिस्ती इतिहासात या दोघांकडे एकत्र पाहिले जात नाही, पण पाहायला हवे. परदेशी पैशावर न विसंबता काम चालावे ही तळमळ त्या पिढीत किती होती ते त्यातून कळते. पुण्याची मेथॉडिस्ट मंडळीही याच लाटेतली. कोल्हापूरकरांना सर्वांत जवळचे मेथॉडिस्ट केंद्र मात्र बेळगाव. तिथे लंडन मिशनरी सोसायटीने १८२० मध्ये काम सुरू केले आणि १९०४ मध्ये ते मेथॉडिस्टांच्या हाती सोपवले. बेनन स्मिथ ही त्यांची शाळा बेळगावात सगळ्यांच्या परिचयाची आहे. निपाणी-संकेश्वर मार्गे शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या या वाटेवर दोन्हीकडच्या ख्रिस्ती घरांत सोयरिकी होतात. बेळगावची सून कोल्हापुरात येते आणि इथल्या मंडळीत सामील होते. येताना ती माहेरच्या मंडळीच्या सवयीही घेऊन येते.

कोल्हापूर आणि मेथॉडिस्ट पंथ यांची आणखी एक गाठ आहे, ती मात्र इथल्या लोकांनाही फारशी ठाऊक नसते. वायल्डरांचे चिरंजीव रॉबर्ट यांचा जन्म १८६३ चा, कोल्हापूरचा. त्यांनी १८८६ मध्ये अमेरिकेत माउंट हर्मन इथे विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मिशनसेवेची हाक दिली. ती ऐकून शंभर तरुणांनी नावे दिली आणि त्यांतून विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ जन्मली. त्या शंभरांत जॉन मॉट हा मेथॉडिस्ट तरुण होता. पुढे या चळवळीची धुरा त्याने वाहिली आणि १९४६ मध्ये त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. रॉबर्टची बहीण ग्रेस त्या दिवसांत या कामासाठी प्रार्थना करत असे. पुढे तीही या भागात सेवेसाठी आली.

मेथॉडिस्ट मंडळीजीवनाचा गाभा म्हणजे वर्गसभा, आणि तिची सुरुवात एका कर्जातून झाली. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथल्या सभागृहाच्या बांधकामाचे देणे फेडायचे होते. १७४२ मध्ये फॉय नावाच्या एका निवृत्त कप्तानाने सुचवले, की प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांना हे कसे परवडणार, अशी शंका निघाली. त्यावर तो म्हणाला, की अकरा गरीब माझ्याकडे सोपवा. मी आठवड्याला त्यांच्या घरी जाईन आणि ज्याला देता येणार नाही त्याची पेनी मी भरेन. अशा बाराबारांचे वर्ग पडले, प्रत्येकाला एक प्रमुख मिळाला. पैसे गोळा करायला घरोघरी जाणाऱ्या प्रमुखांना थोड्याच दिवसांत दिसू लागले, की कुणाच्या घरात दारू शिरली आहे, कुठे नवरा-बायकोत अबोला आहे, कोण आजारी आहे आणि कोण प्रार्थनेपासून तुटले आहे. जॉन वेस्लींनी ताडले, की आपण इतके दिवस शोधत होतो ते हेच. पुढे वर्ग एका जागी भरू लागले. दर तीन महिन्यांनी सभासदाला तिकीट मिळे आणि वागणूक बिघडली तर ते थांबे. १७४३ मध्ये वेस्लींनी सामान्य नियम छापले. त्यांचा आशय तीन गोष्टींत मावतो : कुणाचे वाईट करू नये, होईल तितके भले करावे, आणि प्रार्थना, शास्त्रवाचन, प्रभुभोजन, उपास हे देवाने नेमलेले मार्ग सोडू नयेत.

या वर्गांचे प्रमुख पाळक नसत. विणकर, खाणकामगार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया हेच ते काम करीत. इंग्लंडच्या चर्चमध्ये ज्यांना मागच्या बाकावरही कुणी विचारत नसे, त्यांच्या हाती दहा-बारा जणांच्या आत्मिक जीवनाची जबाबदारी आली. आपल्याकडे मंडळीचा इतिहास लिहिताना इमारती आणि मिशनरी यांचीच नोंद होते आणि वर्गप्रमुखांसारखी माणसे सुटून जातात. ही उणीव भरून काढण्यासारखी आहे.

आज कोल्हापुरात संध्याकाळी घरोघरी भरणारी प्रार्थनासभा याच जातीची आहे. ती सर्व प्रॉटेस्टंट मंडळ्यांत चालते. मेथॉडिस्ट घरातून आलेल्याला ती लगेच आपली वाटते. बाहेरच्या खोलीत सतरंजी पसरलेली असते, दारात चपलांची रांग, कोपऱ्यात पेटी. एक-दोन भजने होतात. ना. वा. टिळकांच्या काळापासून अभंग-ओवीची चाल मराठी ख्रिस्ती कंठात बसली आहे, त्यामुळे इंग्रजी चालीवरच्या गीतानंतर अभंग आला तरी कुणाला वेगळे वाटत नाही. मग वचन, त्यावर थोडे बोलणे, आणि त्यानंतर सभेचा खरा भाग म्हणजे प्रार्थनेच्या विनंत्या. कुणाच्या सासऱ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन असते, कुणाच्या मुलीचे बारावीचे वर्ष, कुणाचा मुलगा पुण्यात नोकरी शोधत असतो. एखादी काकी वहीत सगळे उतरवून घेते आणि पुढच्या खेपेला त्याच वहीतून एकेकाला विचारते. दोन आठवडे न दिसलेल्याचे नाव हमखास निघते आणि ‘उद्या जाऊन येऊ या की’ असे ठरते. चहा-पोहे होतात. उठताना कुणीतरी सांगतेच, ‘पुढच्या बुधवारी आमच्यात हाय बघा.’ या वहीला जपले पाहिजे. फॉय कप्तानाने घरोघरी जाऊन जे केले तेच काम ती करते.

पाळकांच्या बाबतीत मात्र दोन परंपरांच्या रीती वेगळ्या. प्रेसबिटेरियन पद्धतीत निवडलेले वडील आणि पाळक मिळून मंडळीचा कारभार पाहतात आणि पाळकाला बोलावण्यात मंडळीचा हात असतो. मेथॉडिस्टांत पाळक फिरता असतो. त्याची नेमणूक बिशप करतात, वार्षिक परिषदेत नेमणुका वाचून दाखवल्या जातात आणि मग पाळकाचे कुटुंब बिऱ्हाड उचलते. वेस्ली स्वतः घोड्यावरून आयुष्यभर फिरले. त्या फिरतीतूनच ही रीत आली. बिशप आणि पाळक यांच्या मधला दुवा म्हणजे जिल्हा अधीक्षक. फिरतीने एक गोष्ट साधते : मंडळी एका माणसाच्या नावाने बांधली जात नाही. तिचा त्रासही खरा आहे. पाळकांच्या मुलांच्या शाळा बदलतात, पाळकपत्नीची नोकरी सुटते. आणि मंडळीला जीव लागतो न लागतो तोच निरोपसमारंभ येतो.

वर्षाचे चक्र बहुतेक इतर प्रॉटेस्टंटांसारखेच आहे. झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरील सात उद्गारांवर चिंतन, पुनरुत्थानदिनाची पहाटेची उपासना, हंगामाचा सण. नाताळाच्या आधी तरुण मुलेमुली ढोलकी-पेटी घेऊन रात्री घरोघर गीते गातात. कोल्हापुरी घरात करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या होतात आणि नाताळाच्या दुपारी तांबडा-पांढरा रस्सा. खास मेथॉडिस्ट म्हणावे असे दोन दिवस वर्ष पालटताना येतात. पहिला जागरणाच्या उपासनेचा. ही रीत मोरेव्हियन या जुन्या प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांकडून आली आणि ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडच्या खाणकामगारांत १७४० च्या सुमारास रुजली. शनिवारच्या रात्री दारूच्या गुत्त्यात घालवणारी ही माणसे त्याच रात्री प्रार्थनेत घालवू लागली. पुढे पौर्णिमेच्या जवळच्या शुक्रवारी जागरण ठेवले जाई, म्हणजे परतताना वाटेवर चांदणे असे. आता ते ३१ डिसेंबरच्या रात्रीवर स्थिरावले आहे आणि इतर पंथांनीही ते आपले मानले आहे. दुसरा दिवस करारनूतनीकरणाच्या उपासनेचा. ती वेस्लींनी १७५५ मध्ये लंडनमध्ये प्रथम घेतली तेव्हा सुमारे १,८०० लोक होते. तिच्यात सभासद देवाला म्हणतो, की मी आता माझा उरलेलो नाही. मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, तुझी मर्जी. हे शब्द तोंडाने म्हणणे सोपे आहे. पण निवृत्त झालेल्या, आजाराने घरात अडकलेल्या माणसाला ‘बाजूला ठेव’ म्हणताना किती बळ लागते, हे नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी त्याच्या शेजारी बसलेल्याला कळते.

प्रभुभोजनात, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीत, मेथॉडिस्ट सहसा न आंबवलेला द्राक्षरस वापरतात. दारूबंदीचा त्यांचा आग्रह याच्या मुळाशी आहे. बाटलीबंद द्राक्षरसाची युक्ती १८६९ मध्ये टॉमस वेल्च या मेथॉडिस्ट दंतवैद्याने चर्चसाठीच काढली. आमच्या भागात तासगावचे बेदाणे भिजवून, उकळून, गाळून हा रस घरीही करतात. आदल्या दिवशी ते काम मंडळीतल्या वडीलधाऱ्या स्त्रीकडे असते.

स्त्रियांचे स्थान या पंथात लवकर पक्के झाले. इसाबेला थोबर्न आणि डॉ. क्लारा स्वेन १८७० मध्ये भारतात आल्या. एकीने लखनौत स्त्रीशिक्षण उभे केले, दुसरीने बरेलीत स्त्रियांसाठी वैद्यकीय काम. महाराष्ट्राशी अधिक निगडित नाव मिनी एब्रम्स यांचे. मेथॉडिस्ट सेविका म्हणून त्या १८८७ मध्ये मुंबईत आल्या आणि पुढे केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात रमाबाईंच्या सहकारी झाल्या. १९०५ च्या तिथल्या उज्जीवनात त्यांचा मोठा वाटा होता. अमेरिकन मेथॉडिस्टांनी १९५६ मध्ये स्त्रियांना पाळकपदाचे पूर्ण हक्क दिले. आज मंडळीतली स्त्रीसंघटना आणि एम. वाय. एफ. हा तरुणांचा संघ ही मेथॉडिस्ट कामाची दोन चाके मानली जातात, आणि त्यांपैकी स्त्रियांचे चाक कधी थांबलेले दिसत नाही.

भारतातले मेथॉडिस्ट आज एकाच छताखाली नाहीत. दक्षिणेत ब्रिटिश परंपरेतले मेथॉडिस्ट १९४७ मध्ये वेगवेगळे प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन झालेल्या चर्च ऑफ साउथ इंडियात सामील झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला अशाच ऐक्यातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथॉडिस्ट गेले; अमेरिकन परंपरेतली, संख्येने मोठी मंडळी मात्र ऐन वेळी बाहेर राहिली. तीच १९८१ मध्ये स्वायत्त होऊन मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया झाली. कोल्हापूर हे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या एका धर्मप्रांताचे ठिकाण ठरले. म्हणून बेळगावच्या मेथॉडिस्ट घरातून कोल्हापूरच्या घरात जाणारी मुलगी कागदोपत्री एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये जाते. भजने आणि पवित्र शास्त्र दोन्हीकडे मराठी घरांत तीच असतात. ऐक्य तेव्हा पूर्ण झाले असते तर बरे झाले असते, असे आजही अनेकांना मनापासून वाटते.

अमेरिकेत युनायटेड मेथॉडिस्ट चर्चमध्ये समलिंगी संबंधांच्या प्रश्नावरून मोठी फूट पडली. २०१९ ते २०२३ या काळात तिथल्या सुमारे एक चतुर्थांश मंडळ्या बाहेर पडल्या, मे २०२२ मध्ये ग्लोबल मेथॉडिस्ट चर्च उभे राहिले आणि २०२४ च्या सर्वसाधारण परिषदेने जुने निर्बंध काढून टाकले. भारतातले मेथॉडिस्ट चर्च स्वायत्त असल्याने ते निर्णय इथे लागू होत नाहीत. इथल्या मंडळ्यांपुढचे प्रश्न वेगळे आहेत. शिकलेली मुले पुण्या-मुंबईला आणि परदेशी जातात, कोयरमध्ये खालच्या पट्टीचे आवाज कमी पडतात, घरे लहान झाल्याने प्रार्थनासभेला जागा पुरत नाही. २०२० च्या टाळेबंदीत उपासना मोबाइलवर आली आणि पुष्कळ ठिकाणी ती तशीच सुरू राहिली. गावाबाहेर गेलेला मुलगा आता आईसोबत तीच उपासना पाहू शकतो, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांनाही वचन ऐकू येते. घरगुती सभेच्या विनंत्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतात आणि काकीच्या वहीत नोंदायच्या आधीच दुबईहून कुणीतरी त्यांना उत्तर दिलेले असते.