सगळे ज्यू बंडखोरांच्या बाजूने नव्हते

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तिथले ज्यू एकमुखाने ब्रिटिश राजाविरुद्ध उठलेल्या बंडखोरांच्या बाजूने होते, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे चूक आहे. १७७६ मध्ये ब्रिटिश येणार म्हणून न्यूयॉर्कच्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात) प्रार्थना चालवणारे गेर्शम मेंडेस सेशस तिथल्या तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या घेऊन कनेटिकटला गेले, ते खरंच. बहुतेकांचा कलही क्रांतीकडेच होता. पण ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे आयझॅक टूरो राजाशी एकनिष्ठ राहिले आणि पुढे जमैकाला गेले. फिलाडेल्फियाचे डेव्हिड फ्रँक्स ब्रिटिश युद्धकैद्यांना शिधा पुरवत. राजनिष्ठ असल्याच्या संशयावरून त्यांना शहर सोडावं लागलं. न्यूपोर्टचेच राजनिष्ठ व्यापारी आयझॅक हार्ट यांना तर १७८० मध्ये लाँग आयलंडवर बंडखोरांनी ठार मारलं. हार्टना वगळून सांगितलेली गोष्ट मला अन्यायाची वाटते.