अंकगणितीय संकेतन

अंकगणितीय संकेतन : मजकुरातील काहीही न गमावता तो कमीत कमी बिटांत मांडण्याची डेटा-संपीडनातील एक पद्धत. हिच्यात प्रत्येक चिन्हाला वेगळा संकेत न देता संपूर्ण संदेशाला मिळून 0 आणि 1 यांच्या दरम्यानची एकच संख्या देतात. ही पद्धत यंत्रावर चालण्याजोगी करण्याचे श्रेय बहुधा फिनलंडमध्ये जन्मलेले माहिती सिद्धांतज्ञ योर्मा रिसानेन (1932–2020) यांना दिले जाते. मूळ कल्पना कोणाची, याविषयी मात्र मतभेद आहेत.

आरंभी 0 ते 1 हा अंतराल घेऊन चिन्हांच्या संभाव्यतांच्या प्रमाणात त्याचे भाग पाडतात. जे चिन्ह येईल त्याचा भाग हाच पुढचा अंतराल, आणि त्याचे पुन्हा त्याच प्रमाणात भाग. समजा, क या चिन्हाची संभाव्यता 0.9 व ख ची 0.1 आहे आणि क चा भाग 0 पासून सुरू होतो. लागोपाठ दहा क आले तर 0 ते सुमारे 0.3487 एवढा अंतराल उरतो. द्विमान पद्धतीत 00 ने सुरू होणारे सर्व अपूर्णांक 0.25 च्या आतले, म्हणजे या अंतरालातलेच. त्यामुळे दहा चिन्हांना दोन बिट पुरतात. वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड व विरळ चिन्हांना लांब संकेत देणाऱ्या हफमन संकेतनात (1952) चिन्हे सुटी घेतल्यास प्रत्येकास किमान एक पूर्ण बिट द्यावाच लागतो, म्हणजे येथे दहा. माहिती सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन यांच्या सिद्धांतानुसार क व ख यांच्या अशा संदेशांना चिन्हामागे सरासरी किमान सुमारे 0.469 बिट लागतात. लांब संदेशांत अंकगणितीय संकेतन या मर्यादेच्या अगदी जवळ जाते. संदेश कोठे संपतो हे मात्र लांबी कळवून किंवा समाप्तिचिन्ह देऊन सांगावे लागते.

संभाव्यतांची चढती बेरीज द्विमान अपूर्णांकात लिहून तिचे सुरुवातीचे अंक संकेत म्हणून वापरण्याची युक्ती शॅनन यांच्या 1948 च्या निबंधातच आढळते. नॉर्मन एब्रॅमसन यांनी 1963 मधील पाठ्यपुस्तकात तिचे चिन्हागणिक पुढे सरकणारे रूप पीटर एलायस यांच्या नावावर नोंदवले. एलायस यांनी स्वतः त्यावर काही प्रसिद्ध केले नव्हते. तरीही काही लेखक त्यांनाच जनक मानतात. फ्रेडरिक जेलिनेक यांनी 1968 मध्ये याचे अधिक विवेचन केले. परंतु या रूपात संदेश जितका लांब तितके संख्येचे अंक वाढत जातात आणि प्रत्येक पायरीला त्या सर्वांवर गणित करावे लागते. म्हणून हा टप्पा पूर्वरूप समजणे अधिक युक्त दिसते.

मर्यादित अंकांचे गणित पुरते, हे 1976 मध्ये दोघांनी स्वतंत्रपणे दाखवले : आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत रिसानेन यांनी आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्रबंधात रिचर्ड पास्को यांनी. रिसानेन यांच्या रचनेत शेवटचे चिन्ह सर्वांत आधी उलगडत असे. पास्को यांच्या रचनेत क्रम सरळ राहिला, पण पूर्ण होईपर्यंत संकेत स्मृतीत धरून ठेवावा लागे. अडचण हातच्याची होती. आधीचे बिट 0111111 असे निघाले असताना पुढच्या बेरजेतून हातचा आला, तर ते सगळे 1000000 असे बदलतात. पाठवून दिलेले बिट परत घेता येत नाहीत. ग्लेन लँग्डन व रिसानेन यांनी यावर काढलेला तोडगा साधा होता : 1 ची ठरावीक लांबीची माळ झाली की मध्ये एक 0 घालायचा, म्हणजे हातचा तेथेच जिरतो. 1987 मध्ये विटन, नील आणि क्लिअरी यांनी सी भाषेतील आज्ञावलीसह लेख प्रसिद्ध केला आणि पद्धत सर्वदूर पोहोचली.

संभाव्यता ठरवणारे प्रतिरूप आणि संकेत काढणारे यंत्र यांची फारकत हे रिसानेन व लँग्डन यांच्या 1981 मधील मांडणीचे खरे मर्म. संकेतनाचा प्रश्न सुटल्यावर उरतो तो चांगले प्रतिरूप निवडण्याचा. रिसानेन यांनी 1978 मध्येच किमान वर्णनलांबीचे तत्त्व मांडले होते : प्रतिरूपाचे वर्णन आणि त्याच्या आधारे केलेले आधारसामग्रीचे वर्णन यांची एकूण लांबी ज्यात सर्वांत कमी, ते प्रतिरूप स्वीकारावे. n निरीक्षणे असताना प्रतिरूपातील प्रत्येक अज्ञात प्राचलासाठी (आधारसामग्रीवरून ठरवायच्या संख्येसाठी) सुमारे ½ log n बिट मोजावे लागतात, हे त्यांनी 1984 मध्ये सिद्ध केले. सांख्यिकीत त्यांचे नाव घेतले जाते ते मुख्यतः या कामासाठी. माहिती सिद्धांतातील कार्यासाठी दिला जाणारा 2009 चा शॅनन पुरस्कार त्यांना मिळाला.

अंकगणितीय संकेतनाचा प्रसार पेटंटांमुळे रेंगाळला. चित्रांच्या जेपीईजी मानकात हफमनबरोबर हा पर्याय ठेवलेला असूनही तो फारसा वापरला गेला नाही, आणि बीझिप या संपीडनाच्या आज्ञावलीच्या पुढील आवृत्तीने, बीझिप2 ने, याच कारणाने हफमन संकेतनाकडे मोहरा वळवला. चलचित्रांच्या एच.264 मानकात (2003) द्विमान अंकगणितीय संकेतन ऐच्छिक होते, एच.265 मध्ये तेच एकमेव ठरले. गुणाकार-भागाकारांचा वेळ वाचवून जवळपास तेवढेच संपीडन देणारी यारेक डुडा यांची असममित अंकपद्धती अलीकडे झेडस्टँडर्डसारख्या संपीडनाच्या आज्ञावलींत वापरली जाते.