बोंफिमच्या पायऱ्या आणि बंद दरवाजा

६ जानेवारीला तीन राजांचं फेस्त, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचा ख्रिस्ती सण असतो. त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारच्या आधी जो गुरुवार येतो, त्या दिवशी ब्राझीलच्या बाहिया प्रांतातलं साल्व्हादोर शहर सकाळपासून पांढऱ्या कपड्यांत रस्त्यावर उतरतं. बंदराजवळच्या कॉन्सेइसांव द प्राया चर्चपासून बोंफिमच्या टेकडीपर्यंत साधारण ८ किलोमीटर चालायचं असतं. पुढे असतात बायाना. बायाना म्हणजे बाहियाची बाई. घेरदार पांढरा झगा, डोक्याला गुंडाळलेलं पांढरं फडकं, गळ्यात मण्यांच्या माळा आणि डोक्यावर फुलं खोवलेलं पाण्याचं मडकं. पाणी सुगंधी असतं. टेकडीवर पोचल्यावर त्या ते चर्चच्या पायऱ्यांवर ओततात, झाडू घेऊन पायऱ्या धुतात, पुढ्यात वाकलेल्या डोक्यांवर चार थेंब शिंपडतात. आतली फरशी मात्र धुतली जात नाही. चर्चचं दार या धुण्यासाठी उघडत नाही.

या उत्सवाबद्दल लिहिताना 'दोन धर्मांचा सुंदर संगम' असं म्हणायची पद्धत आहे. एक धर्म ख्रिस्ती, दुसरा कांदोंब्ले, म्हणजे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांनी बाहियात जपलेला. मला ते पुरेसं वाटत नाही. संगम म्हटलं की दोन नद्या आपखुशीने एकमेकींना भेटल्यासारखं वाटतं. इथे एका बाजूच्या माणसांना साखळदंडाने बांधून आणलं होतं, आणि आत कोण जाणार हे ठरवणारा दरवाजा दुसऱ्या बाजूच्या हातात होता.

साल्व्हादोर पोर्तुगिजांनी १५४९ मध्ये वसवलं आणि १७६३ पर्यंत तीच ब्राझीलची राजधानी होती. आफ्रिकेतून गुलाम म्हणून ब्राझीलला आणलेल्या माणसांची संख्या सुमारे ४८ लाख भरते. अटलांटिकपलीकडच्या दुसऱ्या कुठल्याच देशात इतकी माणसं नेली गेली नाहीत. त्यातली फार मोठी संख्या बाहियात उतरली, उसाच्या आणि तंबाखूच्या मळ्यांसाठी. याच बंदरात गोव्याहून लिस्बनला परतणारी जहाजं थांबत. बाहियाचा तंबाखू गोव्यात विकला जाई. काजू आणि अननस ही झाडं ब्राझीलहून आपल्याकडे आली ती पोर्तुगिजांच्याच हातून, आणि ही दोन्ही नावंही तिथल्या तुपी भाषेतली. इकडचे आंबे-फणस तिकडे गेले. आज बाहियात फणस इतका रुजला आहे की तो परका आहे हे सांगावं लागतं. झाडांची ही देवाणघेवाण आपल्याला कौतुकाची वाटते, पण ज्या व्यापाराच्या जिवावर ती झाली त्याच्या पोटात माणसंही भरलेली होती.

१७४५ मध्ये तेओदोझियो रोद्रिगीश द फारिया नावाच्या पोर्तुगीज नौदल कप्तानाने पोर्तुगालातल्या सेतूबाल गावच्या बोंफिमच्या येशूच्या मूर्तीची प्रतिकृती साल्व्हादोरला आणली. 'बों फिम' म्हणजे चांगला शेवट. क्रुसावरचा हा ख्रिस्त सद्गती देणारा, म्हणून दर्यावर्दी त्याला मानत. टेकडीवरचं चर्च बांधलं गेलं आणि १७५४ मध्ये मूर्ती तिथे हलवली. सणाआधी चर्च धुऊन काढायची चाल पोर्तुगालातून आली होती. धुणारे हात अर्थात गुलामांचे.

पण त्या हातांना पाण्याने धुण्याचा दुसरा अर्थ माहीत होता. आज नायजेरिया आणि बेनिन म्हणतात त्या भागातल्या योरुबा लोकांची एक कथा आहे. ओशाला हा सगळ्या ओरिशांमधला, म्हणजे योरुबांच्या देवांमधला म्हातारा, माणसाला घडवणारा, पांढऱ्या रंगाचा देव. तो शांगो राजाला भेटायला निघतो. जाऊ नकोस असं भविष्य निघालेलं असतं, तरी निघतो. वाटेत एशू हा खोडकर ओरिशा त्याला तीनदा फसवतो आणि तेल, कोळसा असं काहीबाही अंगावर सांडून त्याचे शुभ्र कपडे घाण करतो. म्हातारा एका शब्दाने तक्रार करत नाही, दर वेळी नदीवर अंग धुतो आणि पुढे चालतो. शांगोच्या राज्यात त्याला राजाचा सुटलेला घोडा दिसतो. तो घोडा धरतो, आणि शिपाई त्यालाच चोर समजून कोठडीत टाकतात. सात वर्षं जातात. पाऊस थांबतो, पीक येत नाही, बायकांना मूल होत नाही. शेवटी राजाला कळतं की आपल्या तुरुंगात कोण आहे. तो हुकूम देतो: सगळ्यांनी पांढरं नेसायचं, तोंडातून अक्षर न काढता पाणी आणायचं आणि म्हाताऱ्याला न्हाऊ घालायचं.

कांदोंब्लेच्या मंदिरांत, म्हणजे तेरेइरोंत, 'ओशालाचं पाणी' हा विधी याच कथेवरून होतो. पहाटेच्या अंधारात पांढऱ्या कपड्यांतली रांग गप्प राहून पाणी आणते. निरपराध असून कोठडीत पडलेल्या देवाची ही कथा गुलामांच्या वस्तीत कशी ऐकली जात असेल, ते वेगळं सांगायला नको. मालकांच्या डोळ्यांसमोर त्या बायका ख्रिस्ताचं घर धूत होत्या आणि मनात ओशालाला न्हाऊ घालत होत्या. बोंफिमचा येशू आणि ओशाला ही जोडी अशी जमली.

कांदोंब्लेची घरं उभी केली ती बायकांनी. एंजेन्यो व्हेल्योचं 'कासा ब्रांका' हे त्यातलं सर्वांत जुनं मानलं जातं आणि ते १९व्या शतकाच्या पूर्वार्धातलं आहे. घराच्या प्रमुख बाईला पोर्तुगिजात 'मांय' म्हणतात. अर्थ आणि आवाज दोन्हींनी ती आपली मायच. या घरांना लागणारा पैसा बऱ्याचदा रस्त्यावरच्या विक्रीतून येई, आणि त्या विक्रीतला राजा पदार्थ आकाराजे. चवळी भिजवून तिची सालं काढायची, वाटायची, कांदा-मीठ घालून पीठ हलकं होईपर्यंत फेटायचं आणि लालभडक देंदे पामतेलात तळायचं. आपण त्याला बेलाशक वडा म्हणू. पण तो यांसां या वादळाच्या देवतेचा नैवेद्यही आहे, आणि टोपली घेऊन बसणारी बायाना कित्येकदा तिच्याशी बांधलेली असते.

राज्यकर्त्यांना या सगळ्याची धास्ती होती, आणि तिला कारण होतं. जानेवारी १८३५ मध्ये मुसलमान योरुबांनी साल्व्हादोरमध्ये उठाव केला. रात्री सुमारे ६०० जण लांब पांढरे अंगरखे घालून रस्त्यावर आले. त्यांनी निवडलेला दिवस बोंफिमच्या उत्सवमालेतल्याच एका सणाचा होता, कारण त्या दिवशी शहरातली बरीच माणसं टेकडीवर जमलेली असत. उठाव चिरडला गेला. त्यानंतर आफ्रिकनांच्या प्रत्येक जमावाकडे संशयाने बघितलं जाऊ लागलं.

१३ मे १८८८ ला गुलामगिरी कायद्याने संपली. १८८९ च्या सुमारास आर्चबिशपने चर्चच्या आतलं धुणं बंद केलं. ढोल, गाणी, नाच देवळात शोभत नाहीत, असं म्हणणं होतं. या दोन तारखांमधलं अंतर मला फार बोलकं वाटतं. गुलाम होते तोवर त्यांनी आतली फरशी घासलेली चालत होती. मोकळी माणसं म्हणून आली, तेव्हा दार लागलं. १८९० च्या दंडसंहितेने जादूटोण्याच्या नावाखाली त्यांच्या पूजाविधींवर खटले भरायची सोय केली, आणि पुढे तेरेइरोंवर धाडी, ढोलांची जप्ती हे नेहमीचं झालं. १९४६ च्या राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्य दिलं, तरी बाहियात पूजेसाठी पोलिसांकडे नोंद करावीच लागे. ही अट उठली १५ जानेवारी १९७६ च्या हुकमाने. तो बोंफिमच्या धुण्याचाच गुरुवार होता.

बायाना मात्र येत राहिल्या. आत नाही तर पायऱ्या, असं म्हणून त्यांनी पायऱ्या धुतल्या.

१९८३ मध्ये ओपो आफोंजा घराच्या मांय स्टेला आणि इतर काही प्रमुख बायकांनी उघड निवेदन काढलं: आमचा ओशाला म्हणजे तुमचा येशू नव्हे. मुखवट्याची गरज गुलामगिरीत होती, आता नाही. मला हे म्हणणं न्याय्य वाटतं. सगळ्यांनी मात्र ते मानलं नाही. दोन्हींना सारख्याच भक्तीने हात जोडणारी माणसं बाहियात भरपूर आहेत, आणि त्यांची भक्ती खोटी म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

धोका आता दुसऱ्या बाजूने येतो. एका नव्या ख्रिस्ती पंथाच्या वर्तमानपत्राने मांय जिल्दा या पुजारिणीचा फोटो भोंदूगिरीच्या बातमीवर छापला. त्यानंतरच्या छळात २१ जानेवारी २००० ला त्या वारल्या. २००७ च्या कायद्याने ही तारीख ब्राझीलमध्ये धार्मिक असहिष्णुतेविरुद्धचा दिवस ठरली. कासा ब्रांकाला १९८४ मध्ये, आकाराजे विकणाऱ्या बायानांच्या कामाला २००५ मध्ये आणि बोंफिमच्या उत्सवाला २०१३ मध्ये राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला.

चर्चच्या कठड्याला रंगीत फिती बांधलेल्या असतात. अशी मूळ फीत १८०९ पासूनची, आणि तिला 'माप' म्हणत, कारण तिची ४७ सेंटिमीटर लांबी मूर्तीच्या हाताइतकी धरलेली. मनगटाला बांधताना तीन गाठी मारायच्या, तीन इच्छा मागायच्या आणि ती आपोआप तुटेपर्यंत काढायची नाही. पांढरी फीत ओशालाची. शुक्रवार त्याचा वार, म्हणून साल्व्हादोरमध्ये शुक्रवारी आजही कितीतरी माणसं पांढरे कपडे घालून कामाला निघतात. कुणी बोंफिमच्या येशूसाठी, कुणी ओशालासाठी.