गर्भाशयमुख तपासणीविषयीची जनजागृती

गर्भाशयमुखाच्या (गर्भपिशवीच्या तोंडाच्या) पेशींमधील कर्करोगपूर्व बदल वेळीच सापडावेत म्हणून स्त्रियांनी ठरावीक काळाने तपासणी करून घ्यावी, यासाठी शासन, रुग्णालये व स्वयंसेवी संस्था करीत असलेला प्रचार. पत्रे, भित्तिपत्रके, दूरचित्रवाणी, समाजमाध्यमे, आरोग्य शिबिरे आणि घरभेटी ही त्याची साधने होत. भारतात २०२२ साली या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार स्त्रिया दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) मात्र ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधीतरी ही तपासणी करून घेतल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ठरवलेल्या उद्दिष्टानुसार ७० टक्के स्त्रियांची तपासणी वयाच्या पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा व्हायला हवी.

हा प्रचार इतर आरोग्यप्रचारापेक्षा अवघड आहे. ज्या बाईला काहीही दुखत-खुपत नाही, तिने कामाचा खाडा करून दवाखान्यात जावे, अनोळखी माणसासमोर कपडे काढावेत आणि जिचे नाव घरात कधी उच्चारले जात नाही अशा जागेची तपासणी करून घ्यावी, अशी ही मागणी आहे. शिवाय बहुतेक सर्व गर्भाशयमुख कर्करोगांचे मूळ मानवी पॅपिलोमा विषाणू (एचपीव्ही) हे असून तो लैंगिक संबंधातून पसरतो. त्यामुळे साध्या माहितीपत्रकाचाही चारित्र्याशी संबंध जोडला जाण्याची भीती असते.

दोन वेगळे निरोप

‘त्रास होत असेल तर लगेच या’ आणि ‘त्रास नसतानाच या’ हे दोन निरोप वेगळे आहेत. प्रचाराच्या साहित्यात ते सतत एकमेकांत मिसळले जातात. भित्तिपत्रकावर वर ‘तपासणी करून घ्या’ असा मथळा असतो आणि खाली लक्षणांची यादी: पाळी नसताना रक्तस्राव, संबंधानंतर रक्तस्राव, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणे, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे. धडधाकट बाई ती यादी वाचते, यातले आपल्याला काहीच नाही असे ठरवते आणि निर्धास्त होते. जिच्यासाठी तपासणी आहे तिलाच असे पत्रक घरी बसवते.

दोन्ही निरोपांचा परिणाम काय होतो, याचा उत्तम पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरत, लोकांशी बोलत, लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना रुग्णालयात पाठवत. काही वर्षांतच या भागातील गर्भाशयमुख कर्करोगाच्या रुग्ण आधीच्या तुलनेत लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तेथे तपासणीची मोहीम नव्हती. बोलण्यानेच हा फरक पडला.

टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील झोपडपट्ट्यांमध्ये केलेल्या चाचणीत दुसरी बाजू समोर आली. सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. दोन्ही गटांना कर्करोगाची माहिती दिली गेली, पण एका गटाची दर दोन वर्षांनी तपासणीही झाली. दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक स्त्रियांनी ती केली. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि पांढरे डाग उमटतात का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचे, अशी ही साधी पद्धत (‘व्हाया’) आहे. बारा वर्षांनंतर तपासणी झालेल्या गटातील या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी असल्याचे आढळले. हा फरक केवळ माहिती देऊन पडला नसता. ज्या गटाला तपासणी न देता माहितीच दिली गेली, त्यातील स्त्रियांवर अन्याय झाला अशी टीका पुढे झाली, आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

२०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक आराखड्यानुसार ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी तपासणी अपेक्षित आहे. आशा कार्यकर्ती घरी येऊन जो अर्ज भरते त्यात वरील लक्षणांविषयीचे प्रश्न असतात. सगळ्या प्रश्नांना ‘नाही’ म्हणणारी बाईही तपासणीस पात्र असते, हे त्या वेळी स्पष्ट सांगितले गेले नाही तर त्या अर्जाचाही भित्तिपत्रकासारखाच उलटा परिणाम होतो.

गावातला संवाद

तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांना सामावणारी मोठी चाचणी झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती चालवली. एचपीव्ही चाचणीच्या एकाच फेरीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले, हा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष जगभर गाजला. जनजागृतीच्या दृष्टीने याच चाचणीतील दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे: तपासणीसाठी बोलावलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७९ टक्के आल्या. त्यासाठी मोठ्या जाहिराती झाल्या नव्हत्या. घरोघरी जाऊन समजावले गेले, गावातील मान्यवरांना विश्वासात घेतले गेले आणि तपासणी गावाच्या जवळ नेली गेली. आलेल्यांमध्ये तरुण, शिकलेल्या व विवाहित स्त्रियांचे प्रमाण जास्त होते. म्हणजे वयस्क, निरक्षर आणि एकट्या स्त्रिया इथेही मागे राहिल्या.

महाराष्ट्रात हळदीकुंकवाचा उपयोग आरोग्याच्या प्रचारासाठी अनेक ठिकाणी केला जातो. गर्भाशयमुख कर्करोग जागृतीचा महिना जानेवारी आणि संक्रांतीचे हळदीकुंकूही तेव्हाच, त्यामुळे हा मेळ सोयीचा वाटतो. त्यातून बायका मोकळेपणाने बोलतात, हे खरेच. पण रूढीने विधवांना जिथे बोलावणेच नसते तिथे तपासणीच्या वयातल्या कितीतरी जणी आपोआप वगळल्या जातात. आयोजकांनी विधवा व परित्यक्तांना मुद्दाम बोलावले तरच अशा कार्यक्रमाला आरोग्यकार्य म्हणता येईल.

भीतीचा वापर

ब्रिटिश दूरचित्रवाणी कलाकार जेड गुडी हिला ऑगस्ट २००८ मध्ये भारतातील ‘बिग बॉस’च्या घरात असतानाच या कर्करोगाचे निदान कळवण्यात आले. २२ मार्च २००९ रोजी वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी ती वारली. तिच्या आजाराची बातमी महिनोन्‌महिने गाजत होती. त्या वर्षभरात इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा चार लाखांहून अधिक जादा स्त्रियांनी तपासणी करून घेतली. ही लाट पुढे ओसरली. इंग्लंडमध्ये तपासणी २५ व्या वर्षी सुरू होते. ते वय खाली आणा अशी मागणीही तेव्हा जोरात झाली. तज्ज्ञ समितीने ती मान्य केली नाही, कारण अगदी तरुण वयातले पेशींमधील बदल बहुधा आपोआप नाहीसे होतात आणि अनावश्यक उपचारांचा उपद्रव मात्र मागे राहतो. तरीही त्या लाटेचा उपयोग झाला, कारण ब्रिटनमध्ये १९८८ पासून प्रत्येक स्त्रीला घरी पत्र पाठवून बोलावणारी यंत्रणा उभी होती. घाबरलेल्या बाईला जायला जागा होती.

भारतात फेब्रुवारी २०२४ मध्ये अभिनेत्री पूनम पांडे हिचे या कर्करोगाने निधन झाल्याची खोटी बातमी तिच्याच समाजमाध्यम खात्यावरून देण्यात आली. दुसऱ्या दिवशी तिने आपण जिवंत असून हे जागृतीसाठी केल्याचे सांगितले. मोहिमेत सहभागी जाहिरात संस्थेला माफी मागावी लागली. दोन दिवस इंटरनेटवर या रोगाचा शोध घेणाऱ्यांची संख्या प्रचंड वाढली, पण तपासणी कुठे, कोणत्या वयात आणि कशी होते हे त्या गदारोळात कुणी सांगितले नाही. ज्या घरांनी या रोगाने आई किंवा बहीण गमावली आहे, त्यांच्या दुःखाचा हा अपमान होता.

भीतीचे याहून गंभीर रूप बीड जिल्ह्यात दिसले. ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे २०१९ मध्ये उघड झाल्यावर राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षण केलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. ‘कॅन्सर होईल’ असे सांगून शस्त्रक्रिया केल्याच्या तक्रारी अनेकींनी केल्या. ज्या भागात हा शब्द असा वापरला गेला, तिथे तपासणीचे बोलावणे आले की ‘पिशवी काढायला लावतील’ ही शंका येणारच. तपासणीत दोष सापडला तरी बहुतेकदा तेवढाच भाग गोठवून, उष्णता देऊन किंवा लहानसा तुकडा काढून उपचार होतो आणि पिशवी शाबूत राहते, हे तिथे पहिल्याच वाक्यात सांगितले पाहिजे.

लाज आणि निवड

ब्रिटनमध्ये २०१५ साली एका कर्करोग संस्थेने स्त्रियांना ओठांवरची लाली गालावर फासून छायाचित्रे प्रसिद्ध करायला सांगितले. ‘स्मिअर’ (म्हणजे फासणे) या चाचणीच्या प्रचलित नावावर ती कल्पना बेतली होती. तिला मोठी प्रसिद्धी मिळाली. तरीही इंग्लंडमधील तपासणीचे प्रमाण मार्च २०१८ मध्ये ७१.४ टक्के, म्हणजे वीस वर्षांतील नीचांकावर होते. मार्च २०१९ मध्ये शासकीय आरोग्य यंत्रणेने काढलेल्या मोहिमेत कर्करोग सुरू होण्याआधीच थांबवता येतो यावर भर होता. तपासणी कर्करोग शोधण्यासाठी असते हा समज दुरुस्त करण्याचा तो प्रयत्न होता. ऑस्ट्रेलियाने एक पाऊल पुढे टाकले: जुलै २०२२ पासून २५ ते ७४ वयाच्या सर्व स्त्रियांना एचपीव्ही चाचणीसाठी स्वतःच नमुना घेण्याची मुभा मिळाली. ‘लाजू नका’ असे बजावण्याऐवजी लाज वाटण्याचा प्रसंगच टाळता येतो, हा पर्याय भारतीय घरांना किती उपयोगाचा आहे हे वेगळे सांगायला नको.

विषाणू आणि नवरा

विषाणूचे काय सांगावे, यावर प्रचारक बहुधा अडखळतात. न सांगितल्यास चाचणीचा निकाल हाती आल्यावर बाई एकटी पडते आणि घरात संशयाचे वादळ उठते. नीट सांगितल्यास गोष्ट सोपी आहे. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा संसर्ग आयुष्यात कधी ना कधी होतो आणि बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. तो टिकून राहिला तरी कर्करोग व्हायला साधारणतः १५ ते २० वर्षे लागतात. म्हणून आजच्या निकालावरून संसर्ग कधी आणि कुणाकडून झाला हे कुणालाही सांगता येत नाही. हे उत्तर बाईला तपासणीच्या टेबलावर जाण्याआधी आणि तिच्या नवऱ्यालाही त्याच गावसभेत मिळणे आवश्यक असते.